नोकरीचं काही नक्की नाही, मन थाऱ्यावर ठेवायला तुम्ही काय करता? (बडोद्याची ख्रिस्ती मराठी मंडळी, आणि बाकीचे पण)

टेस्टबेंच
सगळ्यांना जय ख्रिस्त, आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नमस्कार. आमचे आजोबा नगरकडून बडोद्याला आले आणि इथलेच झाले, घरात मराठी, सोसायटीत गुजराती, चर्चमध्ये दोन्ही, असं आमचं चालतं. मी एका ट्रान्सफॉर्मर कंपनीत टेस्टिंगला आहे, नाव लिहीत नाही. दिवाळीपासून कुजबुज चालू आहे की इथलं टेस्टिंग बंद करून सगळं दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला नेणार. विचारलं की वरून एकच उत्तर, अजून काही फायनल नाही. पण नवीन मोठे जॉब, म्हणजे टेस्टिंगचे ट्रान्सफॉर्मर, इथे लागत नाहीयेत हे आम्हाला शॉपफ्लोअरवर दिसतंय ना.

परवा ऑइलची बीडीव्ही घेत होतो, म्हणजे ऑइल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते बघायची टेस्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कपात दोन इलेक्ट्रोड असतात, मध्ये अडीच एमएमचं अंतर, व्होल्टेज चढवत न्यायचं आणि एका आकड्याला ठिणगी पडते, असं सहा वेळा करून सरासरी काढायची. हे काम माझ्या हाताला इतकं बसलेलं आहे की गप्पा मारत करतो. त्या दिवशी चौथं रीडिंग लिहिताना पेन थांबलं, मनात आलं पुढच्या वर्षी या रजिस्टरमध्ये कोणाचं अक्षर असेल.

मिसेस प्रायव्हेट शाळेत शिकवते, मुलगी दहावीला, घराचे हप्ते चालू. नोकरी मिळेल की नाही हे मी इथे विचारत नाहीये, ते कोण सांगू शकणार. हे जे मधलं लटकलेलं असतं ना, गेली पण नाही आणि आहे असं पण म्हणता येत नाही, ते कसं काढायचं? प्रार्थनेला बसतो तर डोळे मिटल्यावर हप्ते, फी, शिल्लक हेच फिरायला लागतं. चर्चमध्ये सांगितलं तर लोक म्हणतात देवाची काहीतरी योजना असेल, आणि गाडीला किक मारून निघून जातात. वाईट हेतू नसतो त्यांचा, मला कळतं. पण जे यातून गेलेत त्यांनी खरोखर काय केलं ते लिहा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

शिफ्टवाला
भाऊ, मी पण त्याच लाइनीत. कॉन्ट्रॅक्टवर आहे, दर वेळी मुदत संपत आली की पोटात गोळा येतो. रविवारी बऱ्याचदा शिफ्ट असते त्यामुळे उपासना चुकते आणि मग आठवडाभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. वाचतोय.

मावशी_कारेलीबाग
टेस्टबेंच, तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून तू म्हणते. यांची गिरणी बंद पडली तेव्हा माझी दोन्ही मुलं प्राथमिक शाळेत होती. बंद पण एकदम नाही पडली, आधी एक पाळी गेली, मग पगार उशिरा, मग गेटवर नोटीस. तुझं जे मधलं लटकलेलं आहे ना तेच आमचं पण सर्वात वाईट गेलं, नोटीस लागली त्या दिवशी उलट यांना झोप लागली.

आमच्याकडे रात्री कौटुंबिक उपासना असायची, एक अध्याय, एक गीत, प्रार्थना. तुझ्यासारखंच व्हायचं, हे डोळे मिटून बसायचे आणि मला यांच्या कपाळावरून कळायचं की आत्ता किराणावाल्याची उधारी चाललीय. मग सासूबाईंनी एक केलं. त्या शिकलेल्या नव्हत्या फार. म्हणाल्या, आधी हिशेब, मग प्रार्थना. शनिवारी संध्याकाळी वही काढायची, घरात किती आहे, कोणाचं द्यायचंय, पुढच्या आठवड्याला काय लागेल, सगळं मोठ्याने वाचायचं, मुलांसमोर. लपवायचं नाही. मग वही मिटून बायबलच्या खाली ठेवायची आणि मग गीत सुरू करायचं. तेव्हापासून यांना प्रार्थनेत बसता यायला लागलं, कारण जे आत घोळत होतं ते आधीच बोलून झालेलं असायचं. मुलांनी पण बूट मागणं वगैरे आपणहून कमी केलं, आम्ही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत मला बायबलमधल्या १ राजे १७ ने फार धरून ठेवलं. सगळ्यांना कावळे आठवतात, दुष्काळात एलीया संदेष्ट्याला भाकर आणि मांस आणून देणारे. मला त्याच्या पुढचं वाक्य लागलं. करीथ ओहोळ आटला, कारण देशात पाऊस नव्हता. तो ओहोळ देवानेच सांगितलेला होता, एलीया सांगितलेल्या जागीच बसला होता, त्याचं काही चुकलं नव्हतं, तरी आटला. आणि आटल्यावरच पुढचा शब्द आला, ऊठ, सारफथला जा. तिथे तर विधवा बाई, जिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल. म्हणजे एका कोरड्या जागेवरून दुसऱ्या तितक्याच गरीब घरी. गोदाम भरून मिळालं असं कुठे लिहिलेलं नाही, पीठ संपलं नाही एवढंच लिहिलंय. आमचं पण तसंच झालं, मी शिवणाला बसले, नाताळात करंज्या आणि केकच्या ऑर्डरी घेतल्या, केकचं मिश्रण डब्यात भरून बेकरीत भाजायला न्यायचे, हे ट्यूबलाइटच्या दुकानात बसले. कधी शिल्लक पडली नाही आणि कधी चूल पण थांबली नाही.

टेस्टबेंच
मावशी, आधी हिशेब मग प्रार्थना हे मी आजच मिसेसला वाचून दाखवलं. ती म्हणाली मुलीला पण बसवायचं का, बोर्डाचं वर्ष आहे. मी म्हटलं तिला आपल्या चेहऱ्यावरून कळतच असेल की.

सुभानपुरा_९
मला एक विचारायचंय, विषय सोडून नाही. आमचे मेव्हणे असेच नोकरीच्या टेन्शनमध्ये होते, त्यांना कोणीतरी एका मोठ्या सभेला नेलं, तिथे बाहेरगावचे प्रचारक होते, म्हणाले की विश्वासाने पेरा, मोठं दान द्या म्हणजे देव प्रमोशन देईल, आणि ज्याला मिळत नाही त्याच्या विश्वासात कमी आहे. मेव्हण्यांनी बाजूला ठेवलेले पैसे दिले. नोकरी गेलीच. आता ते म्हणतात माझाच विश्वास कमी पडला. बहीण रडते. खरंच असं असतं का?

निवृत्त_पाळक
सुभानपुरा, बहिणीला आणि मेव्हण्यांना माझा सलाम सांगा, आणि हे पण सांगा की त्यांचा विश्वास कमी पडला नाही. मी आयुष्यभर मंडळ्यांमध्ये सेवा केली, या शिकवणीने मोडलेली घरं पाहिली आहेत म्हणून जरा जोरात लिहितो.

बायबलमधल्या ईयोबाचं मुलंबाळं, मालमत्ता सगळं गेलं, तेव्हा त्याच्या मित्रांनी सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसून काढल्या, तेवढं त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर म्हणाले, तू काहीतरी केलं असशील म्हणून हे झालं. पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर ईयोबावर नाही, त्या मित्रांवर रागावतो. ज्याची नोकरी गेली त्याला तुझा विश्वास कमी म्हणणारा त्या मित्रांच्या रांगेत बसतो.

आणि मत्तय २० काढा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर घ्यायला जातो, मग नवाच्या सुमाराला, मग बारा, मग तीन, आणि शेवटी पाचला. आपल्याकडे कडियानाक्यावर बघा, थापी, घमेलं, जेवणाचा डबा घेऊन माणसं सकाळी उभी असतात, दहा वाजले आणि कोणी गाडी थांबवली नाही तर घरी जायला पाय उचलत नाही त्यांचा. त्या पाचच्या मजुरांना धनी विचारतो तुम्ही दिवसभर इथे का उभे, तर ते म्हणतात आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. आळशी नव्हते ते, दिवसभर बाजारातच उभे होते! प्रभूने त्यांना दोष दिलेला नाही. उलट पूर्ण दिवसाचा रोज दिला, एक दीनार, कारण पाच वाजता लागलेल्याच्या घरी पण तेवढीच तोंडं असतात. हा दाखला मी बेकार झालेल्या लोकांसमोर जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा कोणीतरी मान खाली घालून रडलेलं आहे. बाकीच्यांना तो अन्यायाचा वाटतो.

टेस्टबेंच, तुमच्या "देवाची योजना असेल"बद्दल. यिर्मया २९:११, तुमच्याविषयीच्या माझ्या योजना मला ठाऊक आहेत, त्या हिताच्या आहेत, हे कॅलेंडरवर असतं, मगवर असतं. ते वचन खरं आहे. पण ते एका पत्रातलं आहे, आणि पत्र बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत. आणि त्याच्याही आधी काय करायला सांगितलंय ते वाचा, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. योजना कळल्यावर जगायला लागा असं नाही लिहिलेलं. तेव्हा मुलीची दहावी पुढे ढकलल्यासारखी घरात वागू नका, ती करा नीट.

वाडीकर
मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे, पण धागा पूर्ण वाचला आणि राहवलं नाही. नोकरी आणि बडोदा म्हटलं की आम्हाला १९१७ आठवतं. बाबासाहेब गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून इथे नोकरीला आले, एवढे शिकलेले, राहायला कोणी जागा देईना, पारशी सराईतून पण हाकललं, आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आम्ही जपतो. माझी स्वतःची नोकरी गेली तेव्हा मी तिथे जाऊन बसायचो. तुमचा आधार वेगळा, माझा वेगळा, पण टेस्टबेंच भाऊ, माणूस अशा वेळेला एकटा नाही राहिला पाहिजे एवढं मी सांगतो. जयभीम.

टेस्टबेंच
वाडीकर दादा जयभीम. मनापासून आभार. रविवारी मुलीला घेऊन बागेत जातो आम्ही, आता तिला तिथे नेऊन सांगेन.

गोत्रीरोड
योगायोग बघा, १९१७ हेच साल ना. वा. टिळकांचं पण आहे. रेव्हरंड टिळकांनी त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचा संबंध सोडला, मिशनचा पगार सोडला, देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. साताऱ्याला होते तेव्हा. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात वारले. ज्या माणसाने १८९५ ला बाप्तिस्मा घेताना नातेवाईक, जात, सगळं गमावलं होतं त्याने म्हातारपणाकडे झुकताना परत एकदा बांधलेला पगार सोडला. मला नोकरीची भीती वाटली की मी टिळकांचा विचार करतो. पगाराशिवाय माणूस उभा राहू शकतो हे कोणीतरी आपल्याच भाषेत करून दाखवलंय.

मावशी_कारेलीबाग
गोत्रीरोड, टिळकांबद्दल मला आदरच आहे, त्यांची गीतं गातच मोठी झाले. पण त्यांनी पगार आपणहून सोडला, याला सोडायला लावतायत. दोन्हीत फरक आहे. आणि लक्ष्मीबाई पण होत्या त्या घरात, पगार कोणीही सोडो, संध्याकाळी भाकरी कशाची करायची हे त्या बघायच्या. टेस्टबेंचच्या मिसेसचं कोणी विचारलं का इथे? तिच्या शाळेचा पगार आता घर चालवणार, तिचं पण मन आहे. बाळा, तू तिच्याशी रोज थोडं बोल, नुसतं फोनमध्ये जॉब बघत बसू नकोस.

गोत्रीरोड
बरोबर आहे मावशी. मान्य.

एमएसयू_लास्टइयर
मी बोलू का? माझं तर करिअर सुरूच झालेलं नाही. बीकॉम शेवटचं वर्ष. पप्पा म्हणतात सरकारी परीक्षा दे. आमच्या पणजोबांनी धर्म बदलला, मूळ ज्या जातीतून आलो त्या जातीच्या आमच्या लांबच्या नातेवाइकांना, जे हिंदू राहिले, एससीचा दाखला मिळतो, आम्हाला नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी मुख्यतः हिंदूच होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम नाहीत. घरात परीक्षेचा फॉर्म भरताना हा विषय निघतोच. आजी गप्प होते. कधीकधी मला खूप राग येतो आणि मग रविवारी गाताना आवाज निघत नाही. हे असं वाटणं पाप आहे का?

निवृत्त_पाळक
बेटा, नाही. स्तोत्रसंहितेत असा राग भरलेला आहे, कुठवर हे परमेश्वरा, असं विचारणारी स्तोत्रं उपासनेतच गायली जात होती. तुझा प्रश्न खरा आहे आणि तो कायद्याचा पण आहे, सुप्रीम कोर्टात याचिका आहेत, २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने आयोग पण नेमला. तुझ्या पणजोबांना माहीत होतं की किंमत द्यावी लागेल, पण तुझ्या वाट्याला आलेली किंमत तू न विचारता आलेली आहे, म्हणून राग येणारच. तो राग प्रार्थनेतच बोल, बाहेर ठेवून ये असं तुला कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस. आणि परीक्षा दे. जिथे आपल्याला आरक्षण मिळत नाही तिथे आपल्या मुलांना अभ्यासाला जास्त मदत देणं हे मंडळीचं काम आहे, कोचिंगच्या फीसाठी मी आमच्या जुन्या पंचमंडळाशी बोलतो. इथे मोठ्यांपैकी कोणी अकाउंट्स शिकवू शकेल का?

एचआर_मकरपुरा
अकाउंट्स माझे मिस्टर शिकवतील, शनिवारी दुपारी, पैसे नकोत. एमएसयू, मला मेसेज कर.

आता टेस्टबेंच तुमच्यासाठी. मी दुसऱ्या कंपनीत एचआरला आहे, घर कॅथलिक, रोजरी म्हणणारं. लोक मला म्हणतात तू तर टेबलाच्या पलीकडची. म्हणूनच लिहिते. तुम्हाला कोणी राजीनामा लिहून द्या, प्रेमाने सोडवू, असं म्हटलं तर लगेच सही करू नका, घरी आणा, वाचा, कोणाला दाखवा. कंपनीने कमी केलं आणि तुम्ही राजीनामा दिला यात तुमच्या हक्काचा फरक पडू शकतो. सगळं ईमेलवर मागा. ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून ठेवा, पाच वर्षं झालेल्या पर्मनंट माणसाला शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, आणि मग पूर्ण वर्षांनी. समजा ३९,००० आहे आणि १२ वर्षं झाली, तर २,७०,००० येतात. पीएफचं नॉमिनेशन आणि केवायसी आत्ताच तपासा, कंपनीत असताना दुरुस्ती सोपी जाते. सगळ्या टेस्टिंगच्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, कॅलिब्रेशनचं काम केलं असेल तर त्याची नोंद, अनुभवाचं पत्र, हे गोळा करा.

आणि कृपा करून असं समजू नका की हे करणं म्हणजे देवावर भरवसा नाही. मला बरेच लोक असं म्हणतात, सिस्टर प्रार्थना करा बाकी आम्ही काही बघत नाही. योसेफाने मिसरच्या राजाला, फारोला, काय सांगितलं होतं? पुढे दुष्काळ आहे, सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढा. स्वप्नाचा अर्थ देवाने सांगितला आणि कोठारं बांधायचं काम योसेफाने केलं, तेसुद्धा तुरुंगातून नुकतंच बाहेर येऊन.

टेस्टबेंच
सिस्टर, हे मी एका कागदावर लिहून घेतलं. माझं केवायसीमध्ये नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, आजच अर्ज टाकला.

एक मनातलं विचारतो. समजा त्यांनी म्हटलं तुम्ही त्या दुसऱ्या प्लांटला चला, तर? आईवडील इथे, चर्च इथे, मुलीची अकरावी. आम्ही तीन पिढ्या या शहरात आहोत, फतेहगंजच्या चर्चमध्ये माझं लग्न झालं, माझ्या मुलीचा बाप्तिस्मा तिथे झाला. नोकरीसाठी हे सोडणं देवाची इच्छा कशावरून समजायची?

गोत्रीरोड
मी सोडून गेलो होतो आणि परत आलो म्हणून लिहितो. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला आहेत बघा, क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोममधून घालवलं म्हणून ते करिंथला आले. तंबू बनवायचा धंदा. पौल पण तोच धंदा करायचा म्हणून त्यांच्याकडे राहिला आणि काम केलं. पुढे ते दोघं इफिसला गेले आणि तिथे त्यांच्या घरात मंडळी जमायची. हाकललेलं जोडपं, पण जिथे गेले तिथे हातातला हुन्नर आणि घराचं दार उघडं, दोन्ही बरोबर नेलं. माझं म्हणाल तर नव्या गावात पहिले महिने फार जड गेले, मराठी उपासना नव्हती, हिंदीत बसायचो, गीतं वेगळी. पण एक केरळी कुटुंब होतं, त्यांनी आम्हाला दर रविवारी जेवायला ठेवून घेतलं. अजून फोन असतो त्यांचा. देवाची इच्छा आधी कळली असं मी म्हणणार नाही, जाऊन राहिल्यावर तिथे पण तोच देव आहे हे कळलं. तुम्ही जा किंवा राहा असं मी नाही सांगत, आईवडिलांचं वय बघून तुम्हीच ठरवा.

शिफ्टवाला
मी एक वचन रोज म्हणतो, फिलिप्पै ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे. पण खरं सांगू, कधी कधी म्हणून झाल्यावर पण तसंच वाटतं, काही शक्ती वगैरे येत नाही. मग अजून अपराधी वाटतं.

निवृत्त_पाळक
शिफ्टवाला, त्याच्या पुढचं चौदावं वचन वाच. पौल म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही माझे भागीदार झालात हे बरं केलं. हे पत्र त्याने कैदेतून लिहिलंय, आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीतच्या हातून त्याला मदत पाठवली होती, त्याची पोच आहे ती. मी तृप्त राहायला शिकलो, विपुलतेत पण आणि गरजेत पण, असं म्हणणारा माणूस लगेच म्हणतो की तुम्ही पाठवलंत ते मिळालं, मला भरपूर झालं. म्हणजे तेरावं वचन एकट्याने खोलीत बसून छाती फुगवायचं वचन नाही. पौलाला सामर्थ्य मिळालं त्यात कोणीतरी लांबून मदत घेऊन आलेलं होतं, आणि तो एपफ्रदीत त्यात मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. तुला एकट्याला शक्ती वाटत नाही यात नवल नाही, तुझ्याकडे कोणी आलं का हे मला विचारायचंय. रविवारी शिफ्ट असते म्हणून तू येत नाहीस, तर तुझ्याकडे यायचं काम आमचं होतं.

टेस्टबेंच, गाडीला किक मारून जाणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते माझ्या मनात आठवडाभर होतं. याकोबाने हेच लिहिलंय, भाऊ किंवा बहीण उघडी असेल, रोजच्या अन्नाची वाण असेल, आणि तुम्ही म्हणाल सुखाने जा, ऊब घ्या, पण द्याल काहीच नाही, तर काय उपयोग. मी सध्याच्या पाळकांशी बोललो. आमच्याकडे येत्या रविवारपासून मराठी उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये एक टेबल ठेवतोय. ज्यांचं काम गेलंय किंवा जायच्या बेतात आहे त्यांनी बसायचं, आणि ज्यांच्या कंपनीत, दुकानात, ओळखीत काही जागा आहे त्यांनी पण तिथेच बसायचं. भाषण नाही. आधी प्रार्थना पाच मिनिटं, मग एकेकाने आपलं सांगायचं. कोणत्याही चर्चचे, कोणत्याही धर्माचे चालतील, वाडीकर भाऊ तुम्ही पण या.

वाडीकर
येतो पाळकसाहेब. आमच्या इथे एक वायरमनची जागा आहे, ती पण सांगतो.

सुभानपुरा_९
मी मेव्हण्यांना मत्तय २० वाचून दाखवलं, फोनवर. ते काही बोलले नाहीत बराच वेळ, मग म्हणाले परत वाच पाचचा भाग. रविवारी आणते त्यांना.

टेस्टबेंच
सगळ्यांना थोडक्यात सांगतो काय चाललंय. कंपनीकडून लेखी काही नाही अजून. सावली–मंजुसर साइडला एका कंपनीत बोलावलं होतं, टेस्टिंगचीच जागा, पगार थोडा कमी, येण्याजाण्याचं अंतर जास्त, कळवतो म्हणाले. इंटरव्ह्यूला त्यांनी रेशो टेस्ट आणि लॉसेसबद्दल विचारलं, बोलताना बरं वाटलं की मला हे येतं, कंपनी कोणाची पण असो.

शनिवारी आम्ही तिघं वही घेऊन बसलो. मिसेसने तिच्या सोन्याच्या बांगडीचं नाव पण वहीत लिहिलं, मी नको म्हणत होतो, ती म्हणाली लिहू दे, विकायची वेळ येईल की नाही ते वेगळं, पण लपवून ठेवलं की रात्री तेच आठवतं. मुलीने विचारलं माझ्या ट्यूशनचे किती, आम्ही सांगितलं, तिने आकडा स्वतः लिहिला. मग ती म्हणाली प्रार्थना मी करते. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, इथपर्यंत आली आणि थांबली, आणि म्हणाली उद्याची उद्या मागू. मला तेव्हा पहिल्यांदा आतून जरा स्थिर वाटलं. सोमवारी परत भीती वाटली, खोटं नाही सांगणार, पण शनिवार परत येणार आहे हे माहीत होतं.

निवृत्त पाळकसाहेब, टेबलाला मी येतो. आमच्या डिपार्टमेंटचे अजून दोघं आहेत, एक गुजराती हिंदू आणि एक बिहारी मुलगा, त्यांना पण आणतो, चालेल ना?

निवृत्त_पाळक
आणा. चहा जास्त करायला सांगतो.

एमएसयू_लास्टइयर
सिस्टर, शनिवारी दुपारी मी गेले होते, सरांनी डेप्रिसिएशनपासून सुरुवात केली. माझ्या वर्गातली अजून एक मुलगी येऊ शकते का?

एचआर_मकरपुरा
दोघी तिघी असाल तरी या. चार खुर्च्या आहेत, पाचवीसाठी स्टूल आहे.

शिफ्टवाला
माझी या रविवारी दुसरी शिफ्ट आहे, उपासनेला अर्धा वेळ येऊन टेबलाला बसून निघता येईल. माझा बायोडेटा मोबाइलमध्येच आहे आणि मराठीत आहे, चालेल का? कॉम्प्युटर नाही माझ्याकडे.

मावशी_कारेलीबाग
चालेल. माझा नातू लॅपटॉप घेऊन येतोय, तो तिथेच इंग्रजीत टाइप करून देईल. तू फक्त मशीनची नावं आणि कुठल्या वर्षी कुठे होतास ते कागदावर लिहून आण, आणि डबा आणू नकोस, माझ्याकडून दोन पोळ्या जास्त येतील, तिथूनच शिफ्टला जा.